खाली पडलेलं सोल्डर

रंगीत काचांचे तुकडे जोडून केलेलं पॅनल उजेडात धरून बघायची घाई असते, तेव्हा टेबलावरच्या पसाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. सांध्यातून पलीकडे गळून चपटे झालेले थेंब, सोल्डर वितळवायच्या तापत्या आयर्नच्या टोकावरून झटकलेल्या बारीक गोळ्या, रिळाचा शेवटचा बोटभर तुकडा, जाड झाली म्हणून उपसून काढलेली सांध्यावरची रेघ. सोल्डर, म्हणजे सांधे जोडायचा, बहुधा कथील-शिशाचा मिश्रधातू, महाग असतं, आणि महाग असतं ते त्यातल्या कथलामुळे. म्हणून हे सगळं एका डब्यात साठवायचं आणि कधीतरी वितळवून पुन्हा वापरायचं, असं काचकाम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतं. डबा भरतो आणि एक दिवस आहे तसा भांड्यात रिकामा होतो. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच.

वितळवलं की धातू शुद्ध होतो हा समज अर्धाच खरा आहे. जळका फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून सांध्याला लावतात ते द्रावण), धूळ, काचेची कणी, ऑक्साइडची साय हे सगळं धातूत न मिसळलेलं असतं. ते वर येतं आणि पळीने काढता येतं. पण जो दुसरा धातू सोल्डरमध्ये विरघळला, तो वर येत नाही. जस्त, अ‍ॅल्युमिनियम, बिस्मथ, जादाचं शिसं, यांपैकी काहीही एकदा आत गेलं की घरच्या साधनांनी ते बाहेर काढायचा मार्ग जवळजवळ नाहीच. तांब्याचा थोडा अपवाद आहे, त्याकडे पुढे येऊ. तेव्हा सोल्डरची सफाई भांडं तापवण्याच्या बरीच आधी, टेबलावर डबे वेगळे करताना होते. भांड्याचं काम त्यानंतरचं आणि तसं सोपं.

आधी थोडे आकडे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो. कॉपर फॉइलच्या कामात, म्हणजे काचेच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी चिकटवून तिच्यावर सोल्डर करायच्या पद्धतीत, सर्वांत जास्त वापरात असतं ते ६०/४०, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. कथलाचा आकडा आधी लिहितात. हे १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं आणि १९०च्या आसपास पूर्ण पातळ होतं. ५०/५० देखील १८३ लाच सुटू लागतं, पण पूर्ण पातळ व्हायला त्याला साधारण २१५ अंश लागतात. मधल्या तीसेक अंशांत ते धड द्रव नाही, धड घट्ट नाही, नुसता लगदा. ६३/३७ ला ही मधली अवस्थाच नाही; १८३ ला ते एकदम पातळ होतं आणि एकदम थिजतं. फॉइलवर गोल, उभार रेघ हवी असेल तर ही मधली अवस्था जितकी थोडी तितकं बरं, कारण रेघेला पसरायला वेळ मिळत नाही. ५०/५० ची रेघ चपटी बसते. ते केमच्या, म्हणजे काच धरणाऱ्या खाचेच्या धातूपट्ट्यांच्या, सांध्यांवर किंवा पाठीमागच्या बाजूला चालून जातं.

आता डब्यात केमचे तुकडे पडले तर काय होतं ते बघा. लेड केम म्हणजे जवळजवळ शुद्ध शिसं. १ किलो ६०/४० मध्ये कथील ६०० ग्रॅम. त्यात केमची २०० ग्रॅम कात्रणं गेली, तर १२०० ग्रॅममध्ये कथील तेवढंच, ६०० ग्रॅम. म्हणजे सरळ ५०/५०. फक्त दोनशे ग्रॅम. केमच्या एका कामाची कात्रणं सहज तेवढी भरतात. आणि उलट दिशेने यायचं असेल, १ किलो ५०/५० पुन्हा ६०/४० करायचं असेल, तर त्यात २५० ग्रॅम शुद्ध कथील घालावं लागतं. बिघडवायला फुकटची कात्रणं पुरतात, सुधारायला त्यातला महागडा धातू विकत आणावा लागतो. मध्ययुगात युरोपातले कारागीर जुन्या खिडक्या नव्या शिशात बसवताना जुनं शिसं वितळवून पुन्हा ओतत, आणि सांध्यांवरचं सोल्डरही त्या शिशासोबत भांड्यात जाई. त्यांना ते चालत होतं, कारण त्यांना केम हवं होतं आणि शिशात थोडं कथील आल्याने केमचं फारसं बिघडत नाही. आपलं गणित उलटं आहे.

तर टेबलावर डबे किती? किमान तीन, आणि चौथा फक्त टाकाऊ मालाचा.

पहिल्यात निव्वळ स्वच्छ सोल्डर: रिळाचे शेवट, फरशीवर किंवा कोरड्या फळीवर पडलेले मोठे थेंब, न वापरलेले तुकडे. यात एकाच जातीचं सोल्डर ठेवा आणि झाकणावर लिहा. ६०/४० आणि ६३/३७ एकत्र झालं तर फार फरक पडत नाही. ५०/५० मात्र वेगळं हवं.

दुसऱ्यात तांबं लागलेलं सोल्डर: फॉइलवरून उपसलेली रेघ, मोडलेल्या पॅनलचे सांधे, ज्यांत फॉइलचे लहान तुकडे अडकलेले आहेत असे गोळे. फॉइलच्या पाठीला गोंद असतो, तो जळून काळी, वाईट वासाची मळी होते. तो त्रास तेवढ्यापुरता. खरी अडचण तांब्याची, कारण ते कथलात विरघळतं.

तिसऱ्यात लेड-फ्री. त्यातही कथील-चांदी, कथील-तांबं, कथील-अँटिमनी असे प्रकार आहेत आणि त्यांचे वितळबिंदू साधारण २२० अंशांपासून पुढे सुरू होतात. हे शिशाच्या सोल्डरमध्ये गेलं तर काम अगदीच अडतं असं नाही, पण शिशाचा एक गोळा लेड-फ्रीच्या डब्यात गेला की तो डबा लेड-फ्री राहत नाही. हातात घ्यायच्या, गळ्यात घालायच्या वस्तूंसाठी तो माल मग वापरता येत नाही. बिस्मथ असलेल्या कमी तापमानाच्या सोल्डरपासून तर चार हात लांबच राहा. कथील, शिसं आणि बिस्मथ एकत्र आले की त्यांच्यात ९६ अंशांनाच वितळणारा भाग तयार होतो. वरून रेघ ठीक दिसते, पण सांध्याचा काही भाग पाण्याच्या उकळबिंदूखालीच सुटू शकतो.

टाकाऊ डब्यात काय जातं, यावर मात्र हुज्जत घालू नये. आयर्नचं टोक पुसायला पितळी तारांचा गुंता वापरतात. त्यात अडकलेलं सोल्डर चमकदार, भरघोस आणि मोहात पाडणारं असतं. त्यात पितळेचे तुकडेही असतात, आणि पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. जस्ताच्या केमवरून निघालेलं सोल्डरही तसंच. इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगात सोल्डरच्या कढईत जस्त ०.००५ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत आणि अ‍ॅल्युमिनियम ०.००६ टक्क्यांवर, तांब्याला मात्र ०.३ टक्क्यांपर्यंत मुभा असते. म्हणजे १ किलो सोल्डर त्या मापाने नापास व्हायला जस्त फक्त ०.०५ ग्रॅम पुरतं. काचकामाला इतकी कडक शिस्त लागत नाही हे मान्य, पण कुठल्या धातूला घाबरायचं आणि कुठल्याला नाही, ते या आकड्यांतून कळतं. पटीना, म्हणजे रेघेला रंग आणणारं रसायन, लावलेली रेघही टाकाऊतच. तांब्याच्या रंगाचा पटीना रेघेवर तांब्याचा थर बसवतो, आणि काळ्या पटीनांत सेलेनियमची संयुगं असतात. ती तापवून त्यांचा धूर नाकात घेण्यासारखं त्या दोन-चार ग्रॅममध्ये काही नाही. ओल्या स्पंजातल्या बारीक गोळ्या म्हणजे बहुतांश ऑक्साइड आणि फ्लक्स, त्याही इथेच. बॅटरीचं शिसं, चाकांना लावायची वजनं, ओळख नसलेली कुठलीही 'शिशासारखी' पट्टी यांचा तर विचारही करू नये.

इतकं झाल्यावर पहिल्या डब्याकडे बघा. त्यातला बराचसा माल भांड्यापर्यंत जायची गरजच नाही. साधी, गुळगुळीत, कोरडी सिरॅमिक फरशी घ्या. तिच्यावर पाच-सहा थेंब एकत्र ठेवा, ब्रशच्या टोकाने फ्लक्स लावा आणि गरम आयर्न टेकवा. थेंब एकमेकांत ओढले जातात आणि एकच चकचकीत गोळी होते. काळा फ्लक्स कडेला राहतो. गोळी थंड झाली की ओल्या कापडाने पुसायची. तुकडे जागेवर पकडायला जे छोटे टाके घालतो त्यांच्यासाठी ती उत्तम: एक गोळी आयर्नच्या टोकावर उचलायची, फ्लक्स लावलेल्या सांध्यावर टेकवायची, टाका तयार. दोन काचांमधली फट मोठी राहिली असेल तिथे खालचा थर याच गोळ्यांचा भरावा. वरची शेवटची, दिसणारी रेघ नव्या रिळातून. ही विभागणी पाळली तर लहान कामं करणाऱ्याला भांडं कधी तापवावंच लागणार नाही, आणि खरं सांगायचं तर तेच बरं.

जुनं रीळ काळवंडलं म्हणून ते वितळवायला काढणारेही असतात. त्याची काहीच गरज नाही. काळवंडण्याचा थर अगदी पातळ असतो. फ्लक्सने किंचित ओलं केलेलं कापड तारेवरून ओढलं की पुरे. थर हट्टी असेल तर सर्वांत बारीक, ०००० नंबरची स्टील वूल वापरा, पण तार ओली ठेवून. कोरडं घासलं की शिशाची धूळ उडते, आणि या सगळ्या कामात खरा धोका तोच आहे.

त्या धोक्याबद्दल इथेच बोलून घेऊ, कारण त्याबद्दल भीती चुकीच्या जागी असते. लोक वाफेला घाबरतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, आणि सोल्डर ज्या २००-२५० अंशांवर हाताळायचं त्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. दिसतो तो धूर फ्लक्सचा आणि मेणाचा. तोही वाईटच, पण त्यात शिसं जवळपास नसतं. शिसं अंगात जातं ते हातावरून तोंडात, आणि वितळलेल्या धातूवरची मळी काढताना उडणाऱ्या करड्या भुकटीतून. शिशाचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलं आणि गर्भवती यांना सर्वांत जास्त धोका. म्हणून काम उघड्यावर किंवा धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याजवळ करायचं, बारीक धूळ अडवणाऱ्या पी१०० फिल्टरचा मास्क लावायचा, टेबल झाडायचं नाही तर ओल्या कापडाने पुसायचं, कामाचे कपडे वेगळे धुवायचे, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. स्वयंपाकघर, तिथली शेगडी, तिथली भांडी या कामाच्या वाटेला कधीच येऊ नयेत. एकदा वापरलेलं भांडं कायमचं या कामाचं.

दुसरा धोका पाण्याचा. वितळलेल्या धातूच्या खाली पाण्याचा थेंब सापडला की त्याची क्षणात वाफ होते आणि वरचा धातू तोंडावर उडतो. फ्लक्स ओला असतो, धुतलेले तुकडे ओले असतात, कोपऱ्यातली पळीही दमट असू शकते. त्यामुळे एक नियम मोडायचा नाही: तुकडे नेहमी थंड भांड्यात घालायचे आणि भांड्याबरोबर सावकाश तापवायचे. धातू १८३ ला सुटायच्या आधी पाणी १०० ला निघून जातं. वितळलेल्या भांड्यात वरून भर घालायचीच असेल तर ते तुकडे आधी भांड्याच्या काठावर चांगले तापवून घ्या, आणि पळीही तशीच. डोळ्यांना चष्मा, हातात चामड्याचे हातमोजे, अंगात सुती कपडे. नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

धुण्याचं काम थोडक्यात. अर्धा किलो तुकड्यांना एक लिटर गरम पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा पुरतो. फ्लक्समधलं आम्ल मरतं, फेस यायचा थांबला की पाणी बदलून एकदा खळबळून घ्यायचं. तुकडे ट्रेमध्ये एका थरात पसरून पूर्ण वाळू द्यायचे. धुतलेलं पाणी कुंडीत किंवा बागेत ओतू नका. साका बसू द्या, तो गाळून वेगळा ठेवा. न धुता वितळवलं तरी चालतं असं म्हणणारे आहेत, आणि चालतंही. फक्त मग फ्लक्समधलं झिंक क्लोराइड गरम धातूवर तडतडतं आणि त्याचा आंबूस धूर घसा धरतो.

भांडं बिडाचं किंवा जाड स्टीलचं हवं. जस्ताचा मुलामा असलेलं बादलीछाप भांडं नको, कारण उघड आहे. अ‍ॅल्युमिनियमचं नको: तापल्यावर ते कमजोर होतं आणि ढवळताना खरवडलं गेलेलं कणभर अ‍ॅल्युमिनियमही माल बिघडवतं. नॉनस्टिकही नको, तो थर जास्त तापला तर सुटून विषारी धूर सोडू शकतो. तापमान दाखवणारी प्रोब ही चैन नव्हे. स्टीलच्या नळीतली के प्रकारची थर्मोकपल आणि साधा मीटर एवढ्यावर भागतं. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका. एका वेळी अर्धा ते एक किलो माल हाताला झेपतो.

धातू पूर्ण वितळला की तापमान २३० ते २४० अंशांच्या दरम्यान धरा. वर करडा, मऊ, ओबडधोबड थर आलेला असेल. नवखा माणूस हाच थर पळीने काढतो आणि मग मळीच फार निघाली म्हणून कुरकुरतो. त्या थरात बहुतांश चांगला धातूच असतो. ऑक्साइडच्या पातळ कातड्यांनी तो कोंडून ठेवलेला असतो. त्याला सोडवायचं तर वाटाण्याएवढं मेण किंवा राळ टाका आणि स्टीलच्या चमच्याने तळापासून, कडा खरवडत, मिनिटभर ढवळा. धूर येईल, तो पेटही घेईल, म्हणून झाकण हाताशी आणि तोंड लांब ठेवा. मेणाच्या जळण्यातून ऑक्साइडचा काही भाग पुन्हा धातू होतो, कातडी फुटतात, आणि कोंडलेलं सोल्डर खाली उतरतं. मऊ थराची जागा आता कोरड्या, काळपट भुकटीने घेतलेली दिसेल. ती काढायची. असं दोनदा केलं की पुरे. तिसऱ्यांदा काही हाती लागत नाही, उलट प्रत्येक वेळी थोडं कथील जळतं. कथील शिशापेक्षा आधी ऑक्साइड होतं, त्यामुळे तेच सोल्डर पुन्हा पुन्हा तापवलं की ते हळूहळू शिशाकडे झुकतं. जास्त तापवण्यात काही फायदा नाही, उलट मळी वाढते. पृष्ठभागावर पिवळी-जांभळी झाक धरू लागली तर आच कमी करा, तापमान बरंच पुढे गेलेलं आहे.

मेणाऐवजी काचकामाचाच द्रव फ्लक्स भांड्यात ओतू नये. त्यात पाणी असतं. नवसागर टाकला तर मळी झपाट्याने सुटते खरी, पण डोळे आणि घसा चुरचुरवणारा दाट पांढरा धूर उठतो. बंद खोलीत तर नकोच. जुन्या प्लंबरांमध्ये जस्त घालवायला वितळलेल्या सोल्डरमध्ये गंधक टाकायची रीत होती. गंधक जस्ताला धरून वर येतं, त्याबरोबर थोडं कथील आणि तांबंही नेतं, आणि सल्फर डायऑक्साइडने जीव घुसमटतो. मोठ्या कढया सांभाळणाऱ्यांना ते परवडत असेल. आपल्या अर्ध्या किलोपायी ते करणं शहाणपणाचं नाही; जस्त गेलेला माल सरळ भंगारात द्यावा.

आता तांबं. दुसऱ्या डब्यातला माल वितळवताना फॉइलचे तुकडे भांड्यात जितका वेळ राहतील आणि भांडं जितकं गरम असेल तितकं जास्त तांबं विरघळेल. म्हणून आच २०० ते २१० एवढीच ठेवा, आणि सोल्डर गळून मोकळं होताच फॉइलचे सांगाडे चिमट्याने उचलून झटका. जे तांबं तरीही विरघळलं ते कथलाशी जोडून बारीक, टणक सुयांसारखे स्फटिक बनवतं. गरम भांड्यात ते दिसत नाहीत, थंड होताना दिसू लागतात, आणि आपला फायदा यातच आहे. ६०/४० असेल तर मळी काढून झाल्यावर तापमान सावकाश १९५ अंशांवर आणा आणि वीस-पंचवीस मिनिटं अजिबात न ढवळता तिथेच धरा. या तापमानाला सोल्डर अजून पातळ असतं, पण तांबं त्यात पूर्वीइतकं मावत नाही. सुया सोल्डरपेक्षा किंचित हलक्या असल्यामुळे वर जमतात. पळी फिरवली की खाली रेती असल्यासारखी खरखर जाणवते. बारीक भोकांचा तापवलेला झारा हळूच पृष्ठभागाखालून नेऊन त्या उचलायच्या. झाऱ्यातून सोल्डर निथळू द्यायचं, घाई केली तर निम्मं सोल्डर सुयांबरोबर जातं.

५०/५० ला ही युक्ती तितकी साधत नाही. ते २१५ च्या खाली लगदा होऊ लागतं, शिशाचेच स्फटिक आधी पडतात, आणि झाऱ्यात येतं ते काय हे सांगता येत नाही. त्याला २२० वर धरावं लागतं आणि त्या तापमानाला तांबं बऱ्यापैकी आतच राहतं. लेड-फ्रीची तऱ्हा आणखी निराळी. ते सोल्डर इतकं हलकं असतं की त्याच सुया त्यात बुडतात. तिथे वरून काढायला काही नसतं. भांडं स्थिर ठेवून वरचा माल हलकेच ओतून घ्यायचा आणि तळाचा बोटभर थर मागे सोडायचा.

ओतण्यासाठी लोखंडी अँगलसारखा साचा नाही. मुलामा नसलेला, गंज घासून काढलेला, साधारण ३० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, व्ही सारखा उताणा ठेवा, टोकं पत्र्याच्या तुकड्यांनी बंद करा आणि आतून मेणबत्तीची काजळी धरा. ओतण्यापूर्वी तो हाताला चटका बसेल इतका गरम करा, दमटपणा उरायला नको. व्हीमध्ये ५ मिलिमीटर खोल ओतलं तर ३० सेंटिमीटरची कांडी ६४ ग्रॅमच्या आसपास भरते. त्याहून बारीक कांडी हवी असते, कारण जाड कांडी आयर्नची उष्णता शोषते आणि रेघ ओढताना हात अडखळतो. ३ मिलिमीटर खोलीची कांडी जाडीला नेहमीच्या तारेच्या जवळ जाते; पण तितक्या कमी खोलीत सोल्डर स्वतःच्या ताणाने आखडतं आणि कांडीऐवजी मण्यांची माळ तयार होते. त्यापेक्षा ४-५ मिलिमीटरची ओता, थंड झाल्यावर हातोड्याने चपटी करा आणि पत्रा कापायच्या कात्रीने उभी चिरा. सोल्डर मऊ असतं, फार जोर लागत नाही. थिजत असताना मात्र साचा हलवू नका, नाहीतर कांडी आतून दाणेदार आणि ठिसूळ होते.

डब्यावरची चिठ्ठी हरवली असेल किंवा मोडलेल्या जुन्या पॅनलचा माल असेल, तर त्यात काय आहे हे कसं ओळखायचं? वजन सांगतं. ६०/४० ची घनता ८.५, ५०/५० ची जवळपास ८.९, ४०/६० ची ९.३. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. कांडीचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा आणि कांडी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा, तळाला-कडेला न लागता. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर कांडीचं आकारमान. १७० ग्रॅमचा तुकडा २० दाखवत असेल तर ८.५, म्हणजे ६०/४०. तो १९.१ च्या जवळ दाखवू लागला तर ५०/५०. तुकडा मोठा घ्या, १५० ग्रॅमच्या खाली चूक वाढते, आणि आतल्या हवेच्या पोकळ्या झटकायला तो एकदा नीट ओतलेला असावा. कथील वाढवायचं तर या आकड्यावरून हिशेब मांडता येतो. फक्त हे माप शिसं आणि कथील यांच्यापुरतंच आहे, आत लपलेलं जस्त ते सांगणार नाही.

ते सांगते रेघ. टाकाऊ काचेचे दोन तुकडे, त्यांच्यावर फॉइल, पंधरा सेंटिमीटरचा सांधा. अर्ध्यावर नवं सोल्डर, अर्ध्यावर आपलं. आयर्न एकच, तापमान एकच, साधारण ३७० अंश. नव्याच्या बरोबरीने आपली रेघ धावली, गोल राहिली तर काही बघायला नको. रेघ गुळगुळीत पण मंद, चपटी आणि थिजायला वेळ घेणारी असेल तर शिसं जास्त आहे. हाताला खरखरीत लागत असेल, आयर्न पुन्हा फिरवूनही दाणे जात नसतील तर तांबं. आयर्न उचलताच वर सुरकुतलेली कातडी धरत असेल, टोकाबरोबर शेपट्या ओढल्या जात असतील आणि कितीही फ्लक्स लावला तरी चमक टिकत नसेल, तर जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम आलं आहे. रेघेत बारीक खड्डे पडत असतील, मध्येच सोल्डर थुंकत असेल तर धातूचा दोष नाही. फ्लक्स किंवा ओल आत कोंडली आहे, तो माल पुन्हा एकदा मेण टाकून ढवळला की सुधारतो. शिसं जास्त झालेला माल पाठीमागच्या बाजूला किंवा केमच्या सांध्याला वापरा. तांब्याचा माल निम्म्या नव्या सोल्डरमध्ये मिसळला की टाक्यांपुरता चालतो. जस्ताच्या मालावर वेळ घालवू नका. पातळ करून वाचवायला जाल तर दहा पट नवं सोल्डर बिघडवाल.

ज्या कांड्या पास झाल्या त्यांच्यावर खिळ्याने कोरून ठेवा: प्रमाण, तारीख, आणि तांब्याच्या डब्यातल्या असतील तर 'तां'. सगळ्या कांड्या दिसायला सारख्याच असतात, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच वजन-पाणी करत बसायचं नसेल तर ही मिनिटभराची मेहनत फुकट जात नाही.

राहिली मळी. करडी भुकटी, झाऱ्यातल्या सुया, धुण्याचा साका, टाकाऊ डबा, पुसलेली कापडं. हे कचऱ्याच्या पिशवीत जाऊ नये, जाळू तर अजिबात नये. भुकटी अजून गरम असतानाच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओता, म्हणजे नंतर हलवताना धूळ उडत नाही. डबा मात्र पूर्ण कोरडा असू द्या आणि झाकण सगळं निवल्यावर लावा. शिशाचं भंगार अधिकृतपणे घेणारे पुनर्वापर करणारे ही मळी घेतात, कारण त्यांच्या भट्टीत तिच्यातलं शिसं आणि कथील दोन्ही परत मिळतं. कापडं आणि साका घातक कचरा स्वीकारणाऱ्या व्यवस्थेकडे द्यायचा. डबा भरेपर्यंत मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, झाकणावर ठळक अक्षरांत 'शिसं' लिहून ठेवा.